पांढरी रेघ

अक्तोबेच्या व्यायामशाळेत मी एकवीस वर्षं
मुलांना गरगरायला शिकवलं.
विमान त्यांना दुसरे कुणी शिकवायचे.
माझ्याकडे एक फिरती खुर्ची, दोन लोखंडी झोके,
माणसाला आत बांधून घरंगळवायचं एक भलंमोठं चाक
आणि चार बादल्या.

बादल्यांवर मी कधी नावं घातली नाहीत.
पहिल्या आठवड्यात सगळ्यांची गरज सारखीच असते.

येर्देन मात्र चौथ्या आठवड्यातही बादलीपाशीच.
तोर्गाईकडच्या मेंढपाळाचा मुलगा,
चार वर्षांचा असल्यापासून घोड्यावर,
आणि खुर्चीच्या सहाव्या फेऱ्याला
चेहरा दह्यासारखा.
"घोडा कुठे जातोय ते मला दिसतं, आपाय,"
बाहीला तोंड पुसत तो म्हणाला,
"ही खुर्ची कुठेच जात नाही."

मी त्याला कान समजावला.
आत तीन बारीक कमानी, त्यांत पाणी.
तू फिरलास की ते मागे रेंगाळतं,
तू थांबलास की ते अजून फिरत असतं.
डोळे म्हणतात, पोचलो.
कान म्हणतो, अजून कुठे?
या दोघांच्या भांडणाशी
पोटाचा काही संबंध नसतो,
पण मार त्यालाच बसतो.

उपाशी येऊ नकोस. कोरडं बिस्कीट खा, कुमिस नको.
मान आधी हळू. उजवीकडे. मग डावीकडे.
कोलांट्या दहा, मग डोळे मिटून दहा.
झोका अर्धाच, पूर्ण गिरकी पुढच्या सोमवारी.
खुर्चीतून उतरलास की जमिनीवरची पांढरी रेघ बघ,
तिच्यावरून चाल.
रेघ हलली तर हलू दे.
तू हलू नकोस.

वहीत मी लिहीत गेले:
मंगळवार सहा. गुरुवार सात, घाम फार.
शुक्रवार पाच.
पुन्हा पाच.
तपासणीचे डॉक्टर वही चाळून म्हणाले,
याला हिशेबनीस करा.

मग एका रात्री किल्ल्या विसरल्या म्हणून परतले
तर अंधारात खुर्ची कुरकुरत होती.
एका पायानं जमीन ढकलत
येर्देन मोजत होता,
संध्याकाळी मेंढ्या मोजतात तसा, पुटपुटत.
मी दिवा लावला नाही.
दारात उभी राहून मीही मोजलं.
सोळा.
मग बादलीचा आवाज.
मग पुन्हा, एकपासून.

मे महिन्यात तो एकटा उडाला.
उतरल्यावर सरळ व्यायामशाळेत आला,
बोलला काहीच नाही,
बुटांसकट त्या रेघेवरून चालून गेला.
बुटांचे डाग मी दोन दिवस पुसले नाहीत.

हे सगळं आज आठवायचं कारण,
परवा पहाटे कूस बदलली
आणि छत चालू लागलं.
झोका नाही, चाक नाही,
माझ्याच पलंगावर, माझ्याच उशीवर.
डॉक्टरीण म्हणाली, कानातला खडा जागचा हललाय,
खसखशीएवढाही नसतो.
मी, जिला कधी बादली लागली नाही,
भिंत धरून रांगत मोरीपर्यंत गेले.

येर्देनला कुणी कळवलं कोण जाणे.
आता मालवाहू विमानं उडवतो, पोट सुटलंय,
केस माझ्यापेक्षा पांढरे.
आला, बूट काढले,
स्वयंपाकघरातून बादली आणून उशाशी ठेवली.
गालिचा गुंडाळला.
खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढून
गुडघ्यांवर बसत, धापा टाकत,
पलंगापासून मोरीपर्यंत एक रेघ ओढली.

"मान हळू, आपाय. आधी उजवीकडे."

मी उठून बसले. पाय खाली सोडले.
म्हटलं, रेघ वाकडी झालीय तुझी.

तो रिळाचं टोक दातांनी तोडत म्हणाला,
"सरळच आहे.
तुम्ही चाला."